व्हेंटिलेटर मोजू नका, चालवणारे हात मोजा

“मशीन लावली म्हणजे माणूस गेलाच.” ही समजूत रोहण्यासारख्या गावांतल्या आपल्या वस्त्यांत घट्ट बसली आहे आणि कोरोनाने ती आणखी पक्की केली. त्यामुळे नातेवाईक सही द्यायला उशीर करतात, कधी रुग्णाला अर्ध्यातूनच घरी आणतात. ही समजूत चुकीची आहे, पण ती निव्वळ अडाणीपणातून आलेली नाही, असे आम्हाला वाटते. व्हेंटिलेटर फुप्फुस बरे करत नाही. आजार उतरेपर्यंत श्वास सांभाळतो. तो नीट चालवला नाही, तर दुखावलेल्या फुप्फुसाला आणखी इजा होते.

न्यूमोनिया, स्क्रब टायफस, मलेरिया किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग यांत फुप्फुसाला सूज येऊन हवेच्या जागी पाणी भरू शकते. डॉक्टर याला एआरडीएस म्हणतात. अशा फुप्फुसाचा थोडाच भाग हवा घेऊ शकतो. त्या थोड्या भागात अख्ख्या फुप्फुसाची हवा कोंबली, तर तोही निकामी होतो.

अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. दर किलोमागे १२ मिलिलिटरचा मोठा श्वास दिलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के दगावले. ६ मिलिलिटरचा लहान श्वास दिलेल्यांपैकी ३१ टक्के. नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. हवा मोजून दिली, एवढेच.

यातला किलो मात्र काट्यावरचा नव्हे. फुप्फुसाचा आकार उंचीवर ठरतो, चरबीवर नाही. पाच फूट उंचीची बाई ७० किलोची असली, तरी हिशेब साधारण ४५ किलोचाच धरायचा. म्हणजे श्वास सुमारे २७५ मिलिलिटरचा. काट्यावरचे वजन धरले, तर तो ४२० होतो. हा फरक टाळायला लागते ती फक्त मोजपट्टी.

दुसरा उपाय म्हणजे गंभीर रुग्णाला पालथे झोपवणे. २०१३ च्या फ्रान्समधील अभ्यासात रोज किमान १६ तास पालथे ठेवलेल्यांत २८ दिवसांतील मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. आपले माणूस पालथे दिसले तर घाबरू नका. पण नळ्या सांभाळत रुग्ण वळवायला चार-पाच शिकलेली माणसे लागतात, रात्रीसुद्धा.

आमचे म्हणणे इथेच आहे. कोरोनात सरकारी दवाखान्यांत व्हेंटिलेटर आले, फोटो निघाले. मराठवाड्यातल्या सदोष यंत्रांचा प्रश्न २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. यंत्र बिघडले तर निदान बातमी होते; शिकलेली नर्स नसेल, तर तीही होत नाही. सेवाग्राम आणि सावंगी ही दोन शिकवणारी रुग्णालये आपल्याच जिल्ह्यात आहेत. आर्वीसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टर-नर्सना तिथे नियमित प्रशिक्षण मिळावे, रात्रपाळीच्या जागा भराव्यात, ही मागणी पुढाऱ्यांकडे करा. किती यंत्रे आली, हे विचारून भागणार नाही.

घरच्यांनीही तीन गोष्टी कराव्यात. तापासोबत धाप लागली, एक वाक्य पूर्ण बोलता येईना, ओठ निळसर झाले, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. भरती होताच आरोग्यमित्राला गाठून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात का ते विचारा; दागिने गहाण टाकण्याचा विचार त्यानंतर. आणि डॉक्टरांना नम्रपणे विचारा: “साहेब, उंची मोजली का? पालथे झोपवायची गरज आहे का? रात्री कोण पाहते?” चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

उत्तम उपचार होऊनही या आजारात अनेक माणसे जातात, हे आम्ही लपवत नाही. पण जी वाचू शकतात, ती मोजपट्टी आणि मनुष्यबळावाचून जाऊ नयेत.