कुठं निघालीस?

आमच्या गावची वेस ओलांडून पाऊल बाहेर टाकले, की प्रश्न येतो, "काय गं, कुठं निघालीस?" पुढच्या वळणावर कन्नड घर लागते. तेथून तोच प्रश्न येतो, "एल्लिगे होंटी?" उत्तर तयार ठेवावे लागते. शेतावर भाकरी द्यायला, डेअरीला दूध घालायला, मावशीचा विळा परत करायला. "सहज, चालायला" हे उत्तर मी आजवर एकदाच दिले. त्या संध्याकाळी ते उत्तर माझ्या आधी घरी पोहोचले होते. "सहज म्हणजे काय?" असे आईने विचारले आणि मला ते सांगता आले नाही.

तेव्हापासून मी मोत्याला बरोबर नेते. मोत्या हा आमच्या खळ्यावरचा कुत्रा. त्याच्या गळ्यात दोरी अडकवली की कोणी काही विचारीत नाही. "कुत्र्याला फिरवाय चाललीया" असे लोक आपले आपणच ठरवून टाकतात. खरे पाहता मोत्या दिवसभर गावभर फिरतच असतो. फिरायचे असते ते मला. मोत्या म्हणजे माझा परवाना आहे.

हे सारे लिहिण्याचे निमित्त माझा आत्तेभाऊ. तो नोकरीनिमित्त मँचेस्टरला असतो. गेल्या ईस्टरच्या सुट्टीत तो, वहिनी आणि त्यांची टॉफी नावाची कुत्री असे तिघे कॅरॅव्हॅन घेऊन तीन रात्रींसाठी डर्बीशायरच्या डोंगरात जाऊन आले. कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायची चाकांवरची खोली. ठरवून दिलेल्या जागी ती उभी करायची, टेकू खाली सोडून सपाट करायची, पिण्याचे पाणी भरून आणायचे, सांडपाण्याचे पिंप रिकामे करून यायचे, चार भांड्यांत स्वयंपाक करायचा. "ही सुट्टी आहे की संसार?" असे वहिनीने पहिल्याच रात्री विचारले म्हणे. पण कुत्रे बरोबर असले की हॉटेलपेक्षा हा संसार बरा पडतो. चिखलाने बरबटलेले पाय दारातच टॉवेलने पुसले, की कुत्रीही आत आणि माणसेही आत.

ही हौस तशी जुनी आहे. केवळ आनंदासाठी बांधलेली पहिली कॅरॅव्हॅन म्हणून जिचे नाव घेतात, ती 'वाँडरर' नावाची गाडी १८८५ साली ब्रिस्टॉलला तयार झाली. तिचे मालक डॉ. गॉर्डन स्टेबल्स हे आरमारातून निवृत्त झालेले डॉक्टर. दोन घोडे गाडी ओढीत, आणि प्रवासात डॉक्टरांसोबत 'हरिकेन बॉब' नावाचा न्यूफाउंडलंड जातीचा दांडगा कुत्रा असे. म्हणजे कॅरॅव्हॅन आणि कुत्रा ही जोडी आरंभापासूनचीच आहे.

दादाने फोनवर सगळे रंगवून सांगितले. कॅरॅव्हॅनच्या दारातून बाहेर पडावे, की रस्त्यापलीकडे पाऊलवाट सुरू होते. खांबावर पिवळा बाण म्हणजे पायी जाणाऱ्यांची वाट, निळा बाण म्हणजे घोडा आणि सायकल चालणारी वाट. दगडी गडग्यावरून चढून उतरायला पायऱ्या केलेल्या. वाट कुणाच्या कुरणातून जाते, तर कुठे चक्क कुणाच्या अंगणातून. एका दिवशी ते मॅम टॉरच्या टेकडीवर गेले, दुसऱ्या दिवशी एडेल गावातून किंडर स्काउटच्या पठारावर. ६३६ मीटर उंचीचे हे पठार त्या मुलखातले सर्वांत उंच ठिकाण.

मी विचारले, "वाटेत कुणी विचारलं नाही का, कुठं चाललाय म्हणून?"

"कशाला विचारतील?" दादा म्हणाला. त्याला माझा प्रश्नच कळला नाही. दहा वर्षांत तो आपले गाव इतके विसरला, याचे मला आश्चर्य वाटले, आणि थोडा हेवाही वाटला.

त्या हेव्यातून मी थोडे वाचन केले. ही मोकळी वाट त्या लोकांना कुणी आंदण दिलेली नाही. किंडरचे पठार पूर्वी बड्या जमीनदारांचे शिकारीचे राखीव रान होते. पक्षी मारण्याचे वर्षातले थोडे दिवस सोडले तर तेथे माणूस नसे, तरीही मँचेस्टरच्या गिरण्या-कारखान्यांतल्या पोरांना तेथे पाऊल टाकायची बंदी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे तरुण-तरुणी ठरवून त्या रानात घुसले. राखणदारांशी झटापट झाली. पुढे पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन तेव्हा वीस वर्षांचा होता. माझ्याच वयाचा. मागणी काय, तर रविवारी डोंगरात चालू द्या.

त्यानंतर १९४९ साली कायदा झाला. गावोगावच्या सार्वजनिक पाऊलवाटा शोधून नकाशावर पक्क्या उतरवण्याचे काम जिल्ह्यांच्या कौन्सिलांवर आले. १९५१ साली हाच डोंगराळ मुलूख ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला. २००० सालच्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या नोंदलेल्या माळरानांवर आणि डोंगरांवर वाट सोडूनही हिंडण्याची मोकळीक मिळाली. त्यातही लोक उघडपणे, परवानगी न मागता, वीस वर्षे एखाद्या वाटेने चालत राहिले आणि मालकाने त्यांना अडवले नाही, तर ती वाट सार्वजनिक मानली जाऊ शकते, हे मला फार आवडले. आणि एकदा सार्वजनिक ठरलेली वाट केवळ वापरात नाही म्हणून रद्द होत नाही.

आपल्याकडे वाटेचा कायदा नाही असे नव्हे. गावच्या नकाशात गाडीवाटा आणि पाऊलवाटा दाखवलेल्या असतात. सीमेपलीकडच्या महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतात जाण्याचा रस्ता मागता येतो. पण या कलमामागचा प्रश्न पाहा: तुझे शेत कुठे आहे? तेथे तुझे काम काय? कामाच्या माणसाला आपण वाट देतो आणि ते योग्यच आहे. इंग्लंडमधली पाऊलवाट मात्र ज्याचे तेथे काहीही काम नाही, त्याचीही आहे. नुसते चालणे हेच त्याचे काम. माझ्या मते हा फरक लहान नाही. आपल्याकडे काम नसताना बाहेर दिसणारा मुलगा उनाड ठरतो, आणि मुलगी काय ठरते ते लिहिण्याची गरज नाही.

येथवर वाचून कुणाला वाटेल, की ही साहेबाच्या देशाचे गोडवे गात आहे. म्हणून दादाचा दुसरा किस्सा सांगते.

तिसऱ्या दिवशी एका कुरणातून जाताना त्याने टॉफीची दोरी सोडली. कुरणात मेंढ्या आणि नुकतीच जन्मलेली कोकरे होती. टॉफी खेळायच्या भरात त्यांच्याकडे धावली. मेंढ्या उधळल्या. शेतकरी आपल्या चारचाकी फटफटीवरून आला. तो ओरडला नाही, पण कुत्रीला आधी बांधा, मग बोलू, असे म्हणाला. गाभण मेंढी घाबरून पळाली तर गर्भ जाण्याची भीती असते. कोकरू आईपासून तुटले तर ती त्याला पुन्हा जवळ करीलच असे नाही. दादाला राग आला. "सार्वजनिक वाट आहे. टॉफीनं कुणाला चावलं नाही. सुट्टीसाठी एवढे पैसे मोजून गेलो, आणि वर ऐकून घ्यायचं?" असे तो मला सांगत होता, आणि मी हो म्हणावे अशी त्याची अपेक्षा होती.

मी हो म्हटले नाही. सुगीनंतर आमच्या रिकाम्या शेतात धनगर मेंढरे बसवतात. रानाला खत मिळते, त्यांना धान्य किंवा पैसे. त्यांची कुत्री रात्रभर कळपाभोवती जागी असतात. एका वर्षी गावातल्याच मोकाट कुत्र्यांनी दोन कोकरे फाडली. तो धनगर सकाळी आमच्या अंगणात येऊन बसला. भरपाई मागितली नाही, नुसताच बसला होता. तो मला आठवला. "दादा, तुझी हौस होती, त्याचं पोट होतं," एवढेच मी म्हणाले. त्यावर दादा बराच वेळ गप्प राहिला.

तेथला कायदाही या बाबतीत शेतकऱ्याच्या बाजूने आहे. १९५३ च्या कायद्याप्रमाणे मेंढ्यांच्या कुरणात कुत्रा ताब्याबाहेर मोकळा सोडणे हासुद्धा गुन्हा ठरतो, मग तो चावो वा न चावो. कुत्रा जनावरांच्या मागे लागलाच आणि दुसरा उपाय उरला नाही, तर शेतकऱ्याने त्याला गोळी घातली तरी १९७१ च्या कायद्याने त्याला भरपाईच्या दाव्यात बचाव मिळतो, मात्र ४८ तासांत पोलिसांना कळवावे लागते. हिंडण्यास मोकळ्या केलेल्या माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोन मीटरांहून लांब नसलेल्या दोरीने बांधून न्यावा लागतो, कारण त्या दिवसांत कर्ल्यूसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. गुरांजवळ तर बारा महिने बांधायचा. कुत्र्याची विष्ठा उचलून न्यायची, कारण तीतून निओस्पोरा नावाचा परजीवी गवतावाटे गाईच्या पोटात गेला तर गाय गाभडते. एक सूचना मात्र उलटी वाटते. गाई अंगावर चालून आल्या तर कुत्र्याची दोरी सोडून द्यावी. गाईंचा रोख कुत्र्यावर असतो. तो पळून जाऊ शकतो, माणूस जाऊ शकत नाही.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात, की एकही नोंद एका बाजूने होत नाही. एका खात्यात जमा, तर दुसऱ्यात नावे. मोकळी वाट जमेला धरायची असेल, तर हातातली आखूड दोरी नावे टाकावी लागते. दादाला जमेची बाजू तेवढी वाचायची होती. आपल्याकडे वाट मागणाऱ्यांनीही हे आधी शिकले पाहिजे. उभ्या पिकातून सेल्फी काढत जाणाऱ्यांना पाहिले, की शेतकरी बांधावर काटे का टाकतो ते मला कळते.

तेथल्या हिशेबातही एक खाते कच्चे राहिले आहे, ते सांगितलेच पाहिजे. चाकांवरच्या घरात राहण्याची रीत डॉ. स्टेबल्स यांच्या आधीपासून रोमानी भटक्या लोकांची. आज तीन रात्रींची कॅरॅव्हॅन ही हौस समजली जाते. पण ज्यांचे घरच गाडीत आहे, त्यांनी परवानगीवाचून जमिनीवर मुक्काम केला आणि सांगूनही हलले नाहीत, तर २०२२ च्या कायद्याने तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो. आपल्याला हे नवे नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली येथे कायदा करून फिरस्त्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो डाग कायद्यातून पुसायला १९५२ साल उजाडले, मनांतून तो अजून पुसलेला नाही. "कुठं निघालास?" हा प्रश्न माझ्यासाठी कटकट असतो. त्यांच्यासाठी तो चौकीच्या दारातला प्रश्न असतो. परत जायला घर असलेल्यालाच वाट मोकळी असेल, तर त्या वाटेचे काम अर्धेच झाले आहे.

बेळगावच्या रानात कॅरॅव्हॅन उभ्या राहाव्यात, असे माझे म्हणणे नाही. आपल्याकडे जमिनीचे तुकडे लहान आहेत आणि पोटे मोठी आहेत. माझी सूचना साधी आहे. दर वर्षी आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर एखाद्या गावात जाते. तेथे आपण भिंती रंगवतो, गटारे साफ करतो. यंदा गावचा नकाशा मागून घ्यावा आणि त्यातली एक पाऊलवाट शेवटपर्यंत चालून पाहावी. कुठे कुंपण आले, कुठे प्लॉट पडले, कुठे ती नांगरली गेली, हे मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून ग्रामपंचायतीत द्यावे. चालताना पिकात पाय टाकू नये. मुली बरोबर असाव्यात, आणि एखादा कुत्रा मागे लागला तर त्याला दोरी असावी.

मोत्याला मी यायला तयार करीन. पण त्या दिवशी कुणी विचारले, तर मी त्याच्याकडे बोट दाखवणार नाही. "सहज, चालायला" असेच सांगणार आहे.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष