बेटावर जाताय? पाण्याचं विचारलंत का?

सुट्टीसाठी घर भाड्यानं घ्यायचं ठरलं की आमच्या खांदा कॉलनीतली माणसं जे प्रश्न विचारतात ते आता ऐकून ऐकून पाठ झालेत. बेडरूम किती? एसी सगळ्या खोल्यांत आहे का? स्विमिंग पूल आहे का? मासे आणून दिले तर करून देतात का? आणि शेवटी, जरा आवाज खाली आणून, बीच प्रायव्हेट आहे ना? पूर्वी ही यादी नागाव-किहीमपुरती होती. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचे फोटो आले, मालदीवच्या उपमंत्र्यांनी त्यावर नको ते लिहिलं, आणि आठवड्याभरात सोसायट्यांच्या ग्रुपवर मालदीव बाद, लक्षद्वीप पक्कं! देशभक्ती आणि सुट्टी एकाच बुकिंगमध्ये उरकली. यादी मात्र तीच राहिली.

त्या यादीत एक प्रश्न कधीच नसतो. तिथलं पाणी कुठून येतं? मलबार हिलवरच्या माणसाला हा प्रश्न सुचला नाही तर मी समजू शकतो. पण एप्रिल उजाडला की ज्यांच्या सोसायटीत टँकरचे पैसे कुणी किती द्यायचे यावरून सभा रंगतात, वॉचमनला रात्री वाल्व्ह फिरवायला उठवलं जातं, त्यांनी मे महिन्यात पूल असलेलं घर शोधावं आणि तेही समुद्राच्या मधोमध, याला काय म्हणायचं?

लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची. वस्ती असलेली दहा, आणि सगळी मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. नदी नाही, धरण नाही. पावसाचं पाणी सच्छिद्र वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर एका पातळ थरासारखं तरंगत राहतं. गोडं पाणी हलकं, म्हणून वर. विहिरीतून हळूहळू काढलं तर पुरतं, पंप लावून ओढलं तर खालचं खारं वर येतं. एकदा आलं की विहीर पुन्हा गोडी व्हायला पावसाळे जावे लागतात. हे सांभाळायला कवरत्तीत २००५ साली समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभा राहिला. त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर.

आता आपला हिशेब करू. पंचवीस फूट लांब, बारा फूट रुंद, चार फूट खोल, म्हणजे जाहिरातीत ज्याला ‘क्यूट’ म्हणतात तेवढा पूल. त्यात चौतीस हजार लिटर पाणी मावतं. खांदा कॉलनीच्या भाषेत दहा हजारी साडेतीन टँकर. कवरत्तीच्या त्या प्रकल्पाचं दिवसाचं एक तृतीयांश पाणी, आणि तेही समोर अख्खा समुद्र असताना. एसीचंही तसंच. तिथली वीज बहुतांशी डिझेल जनरेटरवर, आणि डिझेल येतं ते मुख्य भूमीवरून, बोटीनं. मालदीवचं नाव घेणाऱ्यांनी डिसेंबर २०१४ आठवावा. मालेतल्या पाणी-प्रकल्पाला आग लागली, राजधानीचे नळ कोरडे पडले आणि भारताला विमानानं आणि जहाजानं पिण्याचं पाणी पाठवावं लागलं.

आता त्या प्रायव्हेट बीचबद्दल. असा बीच नसतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे भरतीरेषेखालची जमीन सरकारची आहे. व्हिलावाल्यानं कुंपण घातलं, पाटी लावली, कुत्रा बांधला, तरी तिथून जाळं खांद्यावर टाकून चाललेला कोळी आपल्या वाटेनं चाललेला असतो, घुसलेला नसतो. किहीमला नीरव मोदीचा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला, तेव्हा आपण सगळ्यांनी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. पुढच्या वीकेंडला पुन्हा तोच प्रश्न: बीच प्रायव्हेट आहे ना?

‘कुणी नसेल तिथे’ जायची ही हौस मला सगळ्यात जास्त खटकते. कारण आपण राहतो ती जागाही कुणाच्या तरी नकाशावर एकेकाळी मोकळीच होती. सिडको स्थापन झाली मार्च १९७० मध्ये, आणि ठाणे-पनवेल-उरणकडच्या पंचाण्णव गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. आपल्या कॉलनीला नाव मिळालं ते खांदा गावाचं, आणि आज रिक्षावाल्याला ‘गावात’ सांगितलं तर तो दोनदा विचारतो. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच माणसं गोळीबारात गेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के भूखंडाची गोष्ट पुढे सरकली. ज्या विमानतळाचं उद्‌घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, त्याच्यासाठी दहा गावं उठली, उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचं पात्र वळवलं गेलं. त्या धावपट्टीवरून उडून आपण ‘अनटच्ड’ बेट शोधायला निघणार.

लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, यावर आपल्याकडे फार चिडचिड होते. आपल्याच देशात परवाना कसला? कसला म्हणजे, २०११ च्या जनगणनेप्रमाणे तिथे माणसं आहेत ६४,४७३. एकट्या पनवेल शहराची तेव्हाची वस्ती त्याहून जास्त होती. दार सताड उघडलं तर नारळाची वाडी पाच वर्षांत कुणाच्या नावावर असेल, हे रायगडातल्या माणसाला समजावून सांगायची वेळ यावी? अलिबाग तालुक्यात असे केअरटेकर भेटतात, जे पाहुण्यांना चहा देता देता सहज सांगतात की ही वाडी आधी आमचीच होती. आणि परवाना बेटवाल्यांना सगळ्यांपासून वाचवतो असंही नाही. बित्रा हे तिथलं सगळ्यात लहान वस्तीचं बेट, जनगणनेत माणसं २७१. ते संरक्षणाशी संबंधित कामासाठी पूर्ण ताब्यात घेण्याच्या दृष्टीनं जुलै २०२५ मध्ये प्रशासनानं अधिसूचना काढली आणि बेटावरचे लोक विरोधात उभे राहिले. हे वाचताना खांदा गावातल्या म्हाताऱ्यांना काही नवीन वाटणार नाही.

‘पण पर्यटनानं त्यांना पैसा मिळतो’ हे उत्तर येणार, आणि ते खोटं नाही. फक्त ‘त्यांना’ म्हणजे कुणाला ते बघा. मालदीवनं १९७२ पासून रिसॉर्ट काढली ती बहुतेक निर्जन बेटांवर. गावातल्या माणसाचा पाहुण्याशी संबंध आला तर तो नोकर म्हणूनच. वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसला मोकळीक मिळाली ती २००९ च्या पुढे, आणि तेव्हा कुठे साध्या घरातली खोली भाड्यानं देता येऊ लागली. म्हणून घर घ्यायचंच असेल तर ज्यात मालक स्वतः राहतो ते घ्या. अगत्तीला, कवरत्तीला अशी होमस्टे आहेत. नागावातही आहेत. पूल नसतो, बीच सगळ्यांचा असतो, जेवायला त्या दिवशी होडीला जे लागलं ते. बुकिंगच्या आधी फोन करून विचारा की पाणी कुठलं, उन्हाळ्यात पुरतं का, आम्ही आठजण आलो तर तुम्हाला कमी पडेल का. आणि घरमालकिणीनं अंघोळीला एक बादली पुढे केली, तर शॉवर नाही म्हणून परत आल्यावर एक स्टार कापू नका.