उधारीची वही आपल्याही घरात हवी



मृग लागला की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, पाचही तालुक्यांत कृषी सेवा केंद्रांच्या वह्या उघडतात. बियाणे, खत, औषध न्यायचे, पैसे कापूस घरात आल्यावर द्यायचे. बँकेचे कर्ज हाती येईपर्यंत पेरणीचा वाफसा थांबत नाही, म्हणून उधारी लागते. तिला शिव्या देऊन भागणार नाही. तिचा हिशेब मांडला पाहिजे.

समजा, जूनमध्ये रोखीने १०,००० रुपयांना मिळणारा माल उधारीत ११,५०० ला लावला आणि फेड डिसेंबरात. सहा महिन्यांत शेकडा १५, म्हणजे वर्षाला ३०. त्यात कापूसही त्याच्याच काट्यावर घालावा लागला आणि १० क्विंटलला क्विंटलमागे २०० रुपये कमी मिळाले, तर आणखी २,००० गेले. १०,००० च्या मालावर सहा महिन्यांत ३,५०० रुपये!

दुकानदाराचीही बाजू आहे. तोही ठोक व्यापाऱ्याचा देणेकरी. दहापैकी दोघांची उधारी बुडाली की ती उरलेल्या आठांच्या दरात चढते. म्हणजे दुष्काळाचा विमा आपणच एकमेकांचा भरतो, फक्त त्याची पावती मिळत नाही.

१८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या शेतकऱ्यांचा राग सावकारांच्या खतपत्रांवर निघाला. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने तिकडच्या कर्जदाराला पावती आणि वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क दिला. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. आज राज्यात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, पण धंद्याच्या ओघात दिलेली दुकानाची उधारी त्यात सहसा बसत नाही. मात्र १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे खत रोखीने घ्या वा उधारीने, बिल देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ठरलेल्या कमाल किमतीच्या वर त्याला एक रुपयाही घेता येत नाही.

म्हणून मागण्या तीनच. बिलावर रोखीचा आणि उधारीचा भाव वेगवेगळा लिहा. प्रत्येक भरण्याची पावती द्या. आणि देणे फेडणारा शेतकरी कापूस कुठे घालतो, ते त्याचे त्याला ठरवू द्या.

आपलेही काम आहे. ज्याचे पिकले त्याने लग्नकार्याआधी उधारी फेडावी. गावातल्या वीस जणांनी मिळून निदान खत तरी रोखीने आणावे. आणि दुकानात जी ओळ लिहिली जाते, तीच ओळ त्याच दिवशी आपल्या घरच्या वहीत उतरली पाहिजे. एकाच वहीवर चालणारा हिशेब हा वही ज्याची त्याचाच असतो.