मतदान यंत्राला हेलिकॉप्टर, आरोग्यसेविकेला डोंगा

19 एप्रिल 2024 रोजी गडचिरोली-चिमूर मतदारसंघात मतदान झाले. त्याआधी हवाई दलाच्या एमआय-17 हेलिकॉप्टरांतून मतदान पथके दुर्गम भागात उतरवली गेली. पथकांत कोण होते? शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी असे साधे कर्मचारी. आम्ही याचे स्वागतच करतो. भूसुरुंगांच्या रस्त्यावरून त्यांना पाठवण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. आदिवासी पाड्यावरच्या मतासाठी सरकारला आकाशातून यावे लागते, ही बाबासाहेबांनी दिलेल्या समान मताधिकाराचीच ताकद आहे.

प्रश्न त्यानंतरचा आहे. यंत्र परतले की हेलिकॉप्टरही परतते. जुलैत पर्लकोटा फुगते, भामरागडचा संपर्क तुटतो आणि लसींचा डबा खांद्याला लावून आरोग्यसेविका डोंग्यात बसते. तेव्हा ती 'राष्ट्रीय कर्तव्यावर' नसते, नुसती ड्युटीवर असते! मत मोलाचे, पण मत देणाऱ्या बाईचे बाळंतपण मोलाचे नाही, हा कुठला हिशेब? राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिला होता.

आमचेच काही मित्र म्हणतात, लष्कराची साधने लष्करासाठी असतात. मग हिवाळ्यात झोजिला बर्फाखाली गेला की हवाई दलाचे एएन-32 'कारगिल कुरिअर' म्हणून नागरिकांची ने-आण कशी करते? रोज हेलिकॉप्टर द्या असे कोणीच म्हणत नाही. रस्ता बंद असलेल्या दिवसांपुरती ठरलेली फेरी द्या, एवढेच मागणे आहे. आज जिल्हा प्रशासनाने विनंती केली तर मदत मिळते. ती मेहरबानी झाली, हक्क नव्हे.

आणि मेहरबानी कोणापर्यंत पोचते? प्रवासभत्त्याचे नियम वाचा. विमानाने कोण जाणार हे कामाच्या जागेतल्या धोक्यावर नाही, वेतनश्रेणीवर ठरते. 14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामात 40 जवान गेले. आठवड्याभरात, 21 फेब्रुवारीला, गृह मंत्रालयाने शिपायापासून सहायक उपनिरीक्षकापर्यंतच्या सुमारे 7 लाख 80 हजार जणांना दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर विमानप्रवासाची मुभा दिली. तोवर ते पात्रच नव्हते. हाती बंदूक असलेल्या माणसाची ही गत, तर आशाताईंना कोण विचारतो? श्रेणीबद्ध विषमता फक्त गावकुसाबाहेर राहत नाही, ती भत्त्याच्या तक्त्यातही बसलेली असते.

लष्करी विमान म्हणजे पुष्पक विमान नव्हे, हेही आम्ही जाणतो. 22 जुलै 2016 ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले एएन-32 बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झाले. त्यातल्या 29 जणांत 8 नागरी कर्मचारी होते. म्हणून जागेबरोबर नुकसानभरपाईही लेखी हवी आणि तीत मानधनावरची आशा आलीच पाहिजे. कागदोपत्री ती 'स्वयंसेविका' आहे. पुरात वाहून गेली तरी स्वयंसेवेनेच गेली म्हणणार का?

पावसाळ्याआधी आम्ही माहिती अधिकाराचे अर्ज टाकणार आहोत. गेल्या पाच पावसाळ्यांत कोणता रस्ता किती दिवस बंद होता, त्या दिवसांत किती आरोग्यसेविका कामावर हजर होत्या आणि त्या कशाने गेल्या, असे तीन प्रश्न. मतदान पथकांच्या हवाई फेऱ्यांचा खर्चही मागू. मसुदा तयार आहे. भामरागड, एटापल्ली, अहेरीतल्या भीमसैनिकांनी आणि आदिवासी मित्रांनी आपापल्या तालुक्याच्या नावाने अर्ज करावा. जय भीम! जय सेवा!