नेली की चोरली?

'चोरी' हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे काळोखी रात्र आणि दबक्या पावलांनी चालणारा माणूस उभा राहतो. परंतु भर दुपारी, सर्वांच्या देखत चोरी होऊ शकेल काय? अमेरिकेतील एका साध्या वस्तूमुळे हा प्रश्न उभा राहतो.

ती वस्तू म्हणजे मोठ्या दुकानांतील सामान वाहण्याची ढकलगाडी. आपल्याकडे तिला ट्रॉली म्हणतात. हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी आवरते घेते, हे ओक्लाहोमा सिटी येथील दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांच्या ध्यानी आले. घडीच्या खुर्चीवरून त्यांना युक्ती सुचली आणि १९३७ साली त्यांनी दोन टोपल्यांची, चाकांची गाडी दुकानात आणली.

आज तेथील गिऱ्हाईक सामानाने भरलेली ढकलगाडी दुकानाबाहेरील वाहनतळापर्यंत नेते, सामान मोटारीत ठेवते आणि ढकलगाडी तेथेच सोडते. पण काही जणांजवळ मोटार नसते. ते ढकलगाडी तशीच घरापर्यंत नेतात आणि मग ती रस्त्याच्या कडेला पडून राहते. असा मनुष्य म्हणतो, "मला ती ठेवून घ्यायची नव्हती. मग मी चोर कसा?"

हे म्हणणे प्रथमदर्शनी पटते. परंतु थोडा विचार करा. वाचनालय आपणांस पुस्तक देते, ते वाचून परत करण्यासाठी. दुकानदारही ढकलगाडी देतो, ती त्याच्या आवारात वापरण्यासाठी. आवाराच्या सीमेवर त्याची संमती संपते. कॅलिफोर्निया राज्याचा कायदा हेच सांगतो. ढकलगाडीवर मालकाची ओळख व तशी सूचना लावलेली असेल, तर मालकाला तिच्यापासून वंचित करण्याच्या हेतूने, मग ते तात्पुरते असो वा कायमचे, ती बाहेर नेणे तेथे गुन्हा ठरते.

कोणी म्हणेल, "एवढ्या मोठ्या दुकानाला एका गाडीचे काय?" परंतु हरवलेल्या गाड्या शोधण्याचा व नव्या घेण्याचा खर्च दुकानदाराला करावाच लागतो. तो वस्तूंच्या किमतींत मिसळला, तर शेजारच्या गरिबालाही त्याचा भार सोसावा लागतो.

मग जड पिशव्या घेऊन पायी जाणाऱ्या वृद्ध बाईने काय करावे? तिची अडचण खरी आहे आणि तिला कठोर शिक्षा व्हावी, असे कोणीही सहृदय माणूस म्हणणार नाही. पण तिच्यापुढे एक सरळ वाट आहे. बाहेर नेण्याची परवानगी कशी मिळवावी, हेही त्या सूचनेत लिहिलेले असावे लागते. विचारून नेलेली वस्तू उसनी ठरते. न विचारता नेलेली तीच वस्तू चोरीची ठरते. वस्तू एकच, अंतर मात्र एका प्रश्नाचे!

आल्डी नावाच्या दुकानांत नाणे घातल्याशिवाय ढकलगाडी सुटत नाही. ती जागेवर लावली की नाणे परत मिळते. ही युक्ती चांगली खरी. परंतु नाण्यासाठी गाडी परत करणाऱ्यापेक्षा, ती आपली नाही एवढ्याच कारणासाठी परत करणारा माणूस अधिक मोठा होय.

म्हणून गरजवंताशी दयेने वागावे. पण चोरीला दुसरे गोंडस नाव देऊ नये. दुसऱ्याची वस्तू हाती घेताना 'मी विचारले आहे काय?' हा प्रश्न ज्याच्या मनात उठतो, त्याच्यावर पहारा ठेवावा लागत नाही.