तुम्ही घेतली का?

१६ जानेवारी २०२१ रोजी कोविड लसीकरण सुरू झाले, तेव्हा पहिला मान आम्हा आरोग्यसेवकांचा होता. तरीही आमच्यातलेच कित्येक कचरत होते. कोव्हॅक्सिनला तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष येण्यापूर्वीच परवानगी मिळाली होती. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातील निवासी डॉक्टरांनी त्याऐवजी कोविशील्ड मागितली. ती शंका अडाणीपणाची नव्हती. माझी सबब मात्र तेवढीही बरी नव्हती. मला पुण्यातच तयार होणारी कोविशील्ड मिळणार होती. ताप आला तर दवाखाना कोण पाहील, असे म्हणत मी दिवस ढकलले.

फेब्रुवारीत हिर्डोशीच्या एक आजी मुलासोबत मधुमेहाच्या तपासणीला आल्या. ज्येष्ठांची पाळी लवकरच येणार होती. लशीतला विषाणू निरुपद्रवी असतो, शरीरात वाढत नाही, हे मी त्यांना सविस्तर समजावले. आजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुमी घेतली का?"

खोटे बोलवेना. "नाही," म्हणालो.

"मग मी बी थांबते."

त्याच आठवड्यात मी लस घेतली. रात्रभर अंग मोडून ताप आला, दुसऱ्या दिवशी उतरला.

उतारवयात लशीचा प्रतिसाद क्षीण असतो; म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनीही लस घेणे अगत्याचे. घरी येणाऱ्या परिचारिकेला यंदाच्या फ्लूच्या लशीविषयी विचारताना संकोच नसावा. आजींना कुठे होता?

मार्चमध्ये त्या पुन्हा आल्या. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाल्या, "ताप किती आला, ते सांगा आधी."