अमेरिकेंतील दुफळीचें मूळ

घरांत भांडण माजलें म्हणजे शेजारी पहिल्यानें ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे बोट दाखवितात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जी राजकीय दुफळी माजली आहे तिच्याविषयीं आपल्याकडे जें बोललें जातें तें बहुधा याच मासल्याचें असतें. कोणी म्हणतो, हा सारा एकट्या ट्रंपसाहेबांचा पराक्रम. कोणी म्हणतो, दूरचित्रवाणीनें व समाजमाध्यमांनीं लोकांचीं डोकीं बिघडविलीं. या म्हणण्यांत तथ्य अगदींच नाहीं असें नाहीं. परंतु वाऱ्यानें आग पसरली म्हणून वाऱ्यालाच आग म्हणतां येत नाहीं. पक्षकार कोर्टांत कितीहि आरडाओरड करोत, दाव्याचें कारण केव्हां व कोठें उत्पन्न झालें हें प्रथम पाहावें, हा कायद्याचा साधा नियम आहे. आणि त्या नियमानें पाहतां ही दुफळी कालची नसून त्या राष्ट्राबरोबरच जन्मास आलेली आहे असें आम्हांस दिसतें.

१७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें राज्यघटना तयार झाली, तेव्हां सर्व सत्ता लोकांची असें तिच्या आरंभींच उद्घोषिलें गेलें. पण 'लोक' म्हणजे कोण, या मुद्द्याचा निकाल कांहीं लागला नाहीं. दक्षिणेंत लक्षावधि गुलाम होते. त्यांस मत नव्हतें. तथापि प्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलाम म्हणजे तीन माणसें असा हिशेब धरून त्यांच्या धन्यांचें वजन मात्र वाढविण्यांत आलें. तडजोडीवांचून संघ झालाच नसता हें खरें. परंतु जो मुद्दा झांकला तो मिटला नाहीं, आणि वहींतील थकलेल्या रकमेप्रमाणें त्यावर व्याज चढत गेलें. १८५७ सालीं ड्रेड स्कॉटच्या खटल्यांत, कृष्णवर्णीय मनुष्य संघाचा नागरिक होऊंच शकत नाहीं, असा निकाल खुद्द सुप्रीम कोर्टानें दिला. १८६० सालीं लिंकन निवडून आले ते शेंकडा चाळीसहि मतें न मिळतां. त्यांनीं अधिकार ग्रहण करण्यापूर्वींच सात संस्थानें फुटून निघालीं, आणि चार वर्षांच्या यादवींत सहा लक्षांहून अधिक माणसें मेलीं.

पुढें १८६५ ते १८७० या काळांत घटनेस तीन दुरुस्त्या झाल्या. गुलामगिरी गेली, नागरिकत्व आलें, आणि वर्णाच्या सबबीवर मत नाकारूं नये असें ठरलें. आमचे जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला, तो या दास्यविमोचनाच्या गौरवार्थच. परंतु त्या अर्पणपत्रिकेस चार वर्षें होतात न होतात तोंच तेथें चक्र उलटें फिरलें. १८७६ च्या निवडणुकीचा निकाल वादांत पडला. पंधरा जणांच्या आयोगानें आठ विरुद्ध सात मतांनीं तो रिपब्लिकन पक्षाच्या हेझ यांच्या बाजूनें दिला. आणि १८७७ सालीं दक्षिणेंतील नव्या कारभारास आधार देणारें संघसरकारचें सैन्य मागें घेण्यांत आलें. उभय पक्षांचा समेट झाला. खर्च मात्र ज्यांस त्या कज्जांत पक्षकारहि केलें नव्हतें त्या कृष्णवर्णीयांच्या माथीं बसला. एकट्या लुइझियानांत १८९६ सालीं त्यांचे एक लक्ष तीस हजारांवर मतदार नोंदलेले होते. १९०४ सालीं सुमारें तेराशें उरले!

यानंतरच्या दीर्घ काळांत दोन्ही पक्षांत जो सलोखा होता, त्याची आठवण काढून अमेरिकेंतील वृद्ध मुत्सद्दी आज उसासे टाकतात. तो सलोखा खोटा नव्हता. परंतु त्याची किंमत कोणी दिली हें वर आलेंच आहे. शिवाय दोन्ही पक्ष आंतून मिश्र होते. दक्षिणेंतील वर्णाभिमानी गोरा आणि उत्तरेंतील गिरणीकामगार हे एकाच डेमोक्रॅटिक पक्षांत नांदत. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यास सेनेटमध्यें ७३ मतें अनुकूल व २७ प्रतिकूल पडलीं. त्या २७ पैकीं २१ मतें खुद्द अध्यक्ष जॉन्सन यांच्याच पक्षाचीं होतीं. त्याच वर्षीं कायद्याविरुद्ध मत दिलेले रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर देशभर सपाटून पडले. पण अगदीं दक्षिणेकडील पांच संस्थानें त्यांच्या पदरांत पडलीं. तेथून वांटणी सुरू झाली. दक्षिणेंतील गोरा मतदार हळूहळू रिपब्लिकन झाला, कृष्णवर्णीय मतदार डेमोक्रॅटांकडे एकवटला; १९७३ च्या गर्भपातविषयक निकालानंतर धर्माचा प्रश्नहि याच रेषेवर येऊन बसला; त्यामागून शहर व खेडें, पदवीधर व अपदवीधर हे भेदहि आले. २०१० सालीं आरोग्यविम्याचा मोठा कायदा झाला, तेव्हां अंतिम मतदानांत एकाहि रिपब्लिकन सभासदाचें मत त्यास पडलें नाहीं. ज्याचा सर्व माल एकाच गलबतांत भरलेला आहे, त्यास तें बुडणें म्हणजे सर्वस्व बुडणें, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. अमेरिकन मतदारानें आपला वर्ण, धर्म, वस्ती व प्रतिष्ठा हीं सारीं पक्षाच्या एकाच गलबतांत भरलीं आहेत; निवडणुकींतील साधा पराभव त्यास असह्य होतो तो यामुळेंच.

यावर कोणी म्हणेल, सर्व दोष वर्णभेदाच्या माथीं मारणें न्याय्य नाहीं. हा आक्षेप आम्ही मान्य करितों. २००० ते २०१० या दहा वर्षांत तेथील कारखान्यांतील कामगारांची संख्या सुमारें १ कोटी ७२ लक्षांवरून १ कोटी १५ लक्षांवर आली. गांवेंच्या गांवें ओस पडलीं, आणि त्यांचें गाऱ्हाणें राजधानींत कोणी ऐकिलें नाहीं. २०२४ च्या निवडणुकींत तर गौरेतर मतदारांपैकींहि पुष्कळजण रिपब्लिकन पक्षाकडे वळले. परंतु खरें गाऱ्हाणें निराळें आणि त्याचा उपयोग करून शेजाऱ्यास शत्रु ठरविणें निराळें. घटनेची रचनाहि या दुसऱ्याच धंद्यास उत्तेजन देते. चार कोटींच्या जवळपास वस्तीच्या कॅलिफोर्नियास सेनेटमध्यें दोन जागा, सहा लक्षांहून कमी वस्तीच्या वायोमिंगलाहि दोनच. २००० व २०१६ सालीं कमी मतें मिळविणारा उमेदवार अध्यक्ष झाला. आणि पक्षाच्या सोयीनें मतदारसंघ आंखले तर त्याची दाद संघाच्या कोर्टांत मागतां येत नाहीं, असें सुप्रीम कोर्टानें २०१९ सालीं ठरविलें. ज्याची जागा अशी निर्धास्त, तो विरोधकांस भीत नाहीं. भितो तो आपल्याच पक्षांतील अधिक कडव्या माणसास.

याचा शेवट कोठें होतो हें ६ जानेवारी २०२१ रोजीं जगानें पाहिलें. निवडणुकीविरुद्धचे पन्नासांहून अधिक दावे कोर्टांत टिकले नव्हते. तरी जमावानें कायदेमंडळाच्या मंदिरावर चाल केली, आणि तें मंदिर मोकळें झाल्यावरहि दोन्ही सभागृहांतील १४७ सभासदांनीं निकालाविरुद्ध मत दिलें. दंगा करणाराची एकवेळ समजूत घालतां येईल. पण कायदा जाणणाऱ्यांनींच हुकूमनामा नाकारल्यावर दाद कोणाकडे मागावयाची?

जुना सलोखा परत आणा, असा उपदेश अमेरिकेस पुष्कळजण करितात. आम्हांस तो मान्य नाहीं. तिसऱ्याच्या हक्कावर उदक सोडून दोघांनीं केलेला समेट टिकत नाहीं व टिकूंहि नये. सर्व पक्षकारांस समोर बसवून, प्रत्येकाचें मत सारख्या तोलाचें धरून जो निवाडा होईल तोच टिकेल. त्या राष्ट्रानें १७८७ सालीं लांबणीवर टाकलेला मुद्दा तोच आहे. तारखा पुष्कळ पडल्या, निकाल अद्याप लागावयाचा आहे.